पडद्याकडे पाठ

उटनूरच्या तंबू टॉकीजमध्ये बायकांच्या तुरुंगाचा सिनेमा लागला होता. गोष्ट कुणाला धड सांगता येत नव्हती, तरी दुपारचा खेळ पुरुषांनी भरून जायचा. एके दिवशी मनकर्णा आली. बरीच वर्षं तुरुंगात काढून ती नुकतीच गावी परतली होती. मालक मोतीराम तिला अडवणार होता, पण तिनं तिकीट दाखवलं आणि सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसली.

पडद्यावर कैदी बायकांना आंघोळीला उभं केलं आणि तंबू शिट्ट्यांनी दणाणला. तेव्हा मनकर्णा पडद्याकडे पाठ करून बसली. पडद्याचा उजेड पुरुषांच्या तोंडांवर पडत होता. ती एकेकाकडे निरखून बघत राहिली. पुढच्या शिट्ट्या थांबल्या, मग मागच्याही. खेळ संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

बाहेर पडताना मोतीरामनं हळूच विचारलं, "मनकर्णाबाई, पिक्चर काऊन नाई पाह्यलं?"

"जेलात आमी आंग धुताना दाराच्या भोकाले कोनाचा तरी डोळा लागलेला राहे," ती म्हणाली. "तोंड कदी दिसलं नाई. आज पाहून घेतलं."