तिसऱ्या आवाजाची पोथी

"वाच, पण हात लावू नकोस," असे म्हणून फोनमोस सरांनी स्वतःच पान उलटले.

सेराइना मेजावर ओणवली. त्या पिवळसर पानांनी तिच्या दोन वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवायचे ठरवलेले दिसत होते.

गाम्बा हे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे जुने वाद्य. चार गाम्बांसाठी सतराव्या शतकात कोणा अनामिकाने केलेली एक रचना डोंगरातल्या एका चर्चमध्ये पूर्वीच मिळाली होती. चार वादकांच्या चार पोथ्या. त्यांतली तिसऱ्या आवाजाची, म्हणजे तिसऱ्या वादकाच्या सुरावटीची, तेवढी हरवलेली. बाझेलमधील जुन्या संगीताच्या एका छोट्या विद्यालयात सेराइना पदव्युत्तर शिक्षण घेत होती. अंतिम परीक्षेसाठी तिने तो हरवलेला आवाज त्या काळच्या नियमांनी नव्याने रचला, आणि विद्यालयाच्या रीतीप्रमाणे पिसाच्या लेखणीने, हातकागदावर, जुन्या वळणाच्या चिन्हांत उतरवला. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि त्याच चर्चच्या डागडुजीत सुताराला एका कपाटामागे ही पोथी सापडली.

"मग माझं काय, सर?"

"दोन्ही वाजव. आधी तुझा आवाज, मग हा. तुझा याच्या जितका जवळ जाईल तितके गुण."

"आणि नाहीच गेला तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा भेटू," सर अगदी प्रेमाने म्हणाले.

सेराइनाने ओळीमागून ओळ पडताळली. आठ ओळींपर्यंत दोन्ही आवाज सख्ख्या भावंडांसारखे हातात हात घालून चालत होते. नवव्या ओळीत मात्र बाकीचे तीन आवाज विसाव्याला टेकत असताना, पोथीतला तिसरा आवाज एका बोचऱ्या, विसंवादी स्वरावर जाऊन उभा राहत होता. सेराइनाच्या आवाजात तिथे सरळ, निरुपद्रवी स्वर होता.

ती तडक वाद्यांच्या खोलीत गेली. उर्झिनाबाई काफ्लिश खिडकीपाशी बसून एका गाम्बेच्या मानेभोवती आतड्याच्या तातीचे पडदे बांधत होत्या. विद्यालयातील सारी वाद्ये गेली पस्तीस वर्षे त्यांच्याच हातांनी सुरात येत होती.

"बाई, पोथी पाहिलीत?"

"सर मोठ्या कौतुकानं दाखवायला घेऊन आले होते. अक्षर काही फार चांगलं नाही."

"अहो, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"वर्षं लोटली म्हणून अक्षर सुधारत नाही, पोरी."

सेराइना हसली आणि स्टुलावर बसली. "दोन्हींत चांगला कोणता वाटतो? खरं सांगा."

"मला नको विचारू. मी निःपक्ष नाही."

"का बरं?"

"तू आमच्या खोऱ्यातली. उद्या लोक म्हणतील, बाईंनी गाववालीची बाजू घेतली." बाईंनी गाठ दातांनी आवळली. "नवव्या ओळीतला तो स्वर तुला सुचलाच नव्हता का गं?"

"सुचला होता. लिहिलासुद्धा. मग खोडला. नियमात बसत नाही, असं सर म्हणाले असते."

"हं," बाई म्हणाल्या, "तसंच म्हणाले असते." त्यांनी पडद्यावरून बोट फिरवले. "एक कर. तुझ्या पानाची पुन्हा साफ प्रत करत बसू नकोस. खोडलेला स्वर दिसतोय तसाच राहू दे, आणि तेच पान परीक्षकांपुढे ठेव."

"गचाळ म्हणतील!"

"म्हणू देत."

परीक्षेच्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात तीन परीक्षक बसले होते. मध्यभागी फोनमोस सर. सेराइनाने तीन सहाध्यायांसह आधी आपला आवाज वाजवला. तो शुद्ध होता, आज्ञाधारक होता. परीक्षकांनी माना हलवल्या आणि काहीबाही टिपून घेतले.

मग सापडलेला आवाज. नववी ओळ आली. तो स्वर उमटताच चारही वाद्यांच्या तारा एकमेकींवर घासल्यासारख्या कण्हल्या, आणि दुसऱ्याच क्षणी तो स्वर विनयाने एक पायरी खाली उतरला. विसावा खरा आता मिळाला. सेराइनाच्या अंगावर काटा आला. त्या अनामिकाला तिने मनोमन नमस्कार केला.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "हे धैर्य आजच्या माणसाचं नव्हे. त्या काळातच जन्मावं लागतं." मग त्यांची दृष्टी तिच्या पानावर गेली. "हे काय? तुलाही हाच सुचला होता? मग खोडलास का?"

"तुमच्या भीतीनं, सर."

परीक्षक खळखळून हसले. खोडलेल्या स्वरासकट तिचे काम मान्य झाले. ती विशेष श्रेणीत उत्तीर्ण झाली.

लेकर्लीचा, बाझेलच्या मधाळ बिस्किटांचा, पुडा घेऊन सेराइना धावतच वाद्यांच्या खोलीत आली. "बाई, झाले पास! तुमच्यामुळे. तोंड गोड करा आधी."

बाईंनी तिला पोटाशी धरले. "सर काय म्हणाले?"

"त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाई! म्हणाले, असा स्वर सुचायला त्या काळातच जन्मावं लागतं."

उर्झिनाबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांना खुर्ची धरून बसावे लागले. त्यांनी लेकर्लीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि तो सावकाश, मोठ्या समाधानाने चघळला.

"छत्तीस वर्षांपूर्वी याच स्वरासाठी त्यांनी मला नापास केलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी घरी जाऊन रागानं माझी ती पोथी आमच्या खोऱ्यातल्या चर्चच्या कपाटामागे फेकून दिली होती."