काचेच्या आतून

"वाच बाळ." मुख्याध्यापिका बाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. "वाचता आलं तर तुझ्या वयाच्या मुलांबरोबर दुसरीत. नाहीतर पहिलीपासून."

ठिपकीने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. एक अक्षर लागेना.

शेजारच्या खुर्चीत तिच्या बापाला, पेंटरला, घाम फुटला. दुकानांच्या काचांवर नावं रंगवायचं त्याचं काम. आई नसलेल्या लेकीला तो रोज कामावर बरोबर न्यायचा. शाळेचं तोंड न बघता पोरगी त्याच्या रंगाच्या डब्यांशेजारी बसून अक्षरं शिकली होती, आणि 'माझी ठिपकी घडाघडा वाचते' असं त्याने गल्लीभर मिरवलं होतं. आता तिचा चेहरा एवढासा झालेला बघून तो खुर्चीच्या कडेवर सरकला.

"वाचते हो बाई ती. शपथ."

"सगळे आईबाप हेच म्हणतात. घरी पुस्तकं आहेत का?"

"पुस्तकं नाहीत. रंगाचे डबे आहेत."

ठिपकीने नाक पुसत दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेवर बाहेरच्या बाजूने काही रंगवलेलं होतं.

"मुख्याध्यापिका," ती एका दमात म्हणाली. "कृपया दार वाजवून आत यावे. गोंगाट करू नये."

बाई वळल्या आणि डोळे बारीक करून काचेकडे बघू लागल्या. बाहेरच्यांसाठी लिहिलेली ती अक्षरं आतून सगळी उलटी दिसत होती. इतकी वर्षं इथे बसून बाईंना त्यातलं एकही लागलं नव्हतं.

पेंटरने कपाळावर हात मारला. पावसाने रंग जाऊ नये म्हणून तो काच आतून रंगवायचा, आणि रस्त्यावरून सुलटं दिसावं म्हणून उलटं लिहायचा. हात असा बसला होता की आपण उलटं लिहितो हेच तो विसरून गेला होता. आणि पोरगी कायम आतच बसलेली.

"उलटं शिकवलं मी हिला," तो ओशाळून म्हणाला.

बाईंना हसू आवरेना. "वाचायला शिकवलंत ना? सुलटं करायचं काम माझं. दुसरीत घालते हिला."

पेंटरचा आनंद गगनात मावेना. तो इतक्या मोठ्याने हसला की शिपाई दार न वाजवताच आत आला.

ठिपकी मात्र बाईंकडे टक लावून बघत होती. एवढ्या मोठ्या बाई, आणि स्वतःच्या दारावरचं वाचता येत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

"बाई," तिने हळूच विचारलं, "तुमचे बाबा तुम्हाला बाहेर बसवायचे का?"