रात्रीची गोळी

“उद्या? उद्या काय चाटायचंय ते?” हर्षलने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच.

फोनवर ऑफिसातली स्नेहल होती. आजच चार वाजता मालेगावच्या दवाखान्यात त्यांचं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, नाशिकहून दोनला तरी निघायला हवं, आणि औषधांच्या चिठ्ठीवर रात्रीची गोळी छापलीच जात नव्हती. हे काम हातचं गेलं तर दिवाळीआधी ऑफिसला कुलूप.

मराठीत चिठ्ठी छापणारा तो भाग त्यांनी नेटवरून घेतला होता. फुकट, सगळ्यांसाठी खुला. अर्धा महाराष्ट्र तो वापरत होता, मोठमोठी हॉस्पिटलंसुद्धा. सांभाळणारं माणूस मात्र एकच, नावाच्या जागी नुसतं टिंब. सकाळी तासभर काम करायचं आणि लिहायचं, ‘आजचं झालं. बाकी उद्या.’

फुकट घेतो आपण, रागावणार कसं, असं स्नेहल म्हणत होती.

“फुकट दिलं म्हणजे जबाबदारी संपली का?” म्हणत हर्षलने टिंबाला लिहिलंच, ‘लोकांच्या जिवाशी खेळताना लाज वाटत नाही?’

समोर त्याची आई, उज्ज्वलाताई, पहिला घास घेत होती. तिचाही त्याला वैतागच. वीज मंडळाच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यापासून तिच्या व्रतांना ऊत आला होता. चातुर्मासात एकभुक्त. दिवसातून एकदाच जेवायचं, ताटावरून उठलं की त्या दिवसाचं संपलं. रोज सकाळी देवघराचं दार लावून तासभर पोथी, तीही अक्षर मोठं दिसतं म्हणून त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. वर आणखी गुप्तदान. देते तरी काय, म्हणून त्याने एकदा तांदळाचा डबा उघडून पाहिला होता. काठोकाठ. विचारलं तर म्हणे, सांगितलं की पुण्य जातं.

आज तर ती भरल्या ताटावरून उठली, हात धुतला आणि देवघरात गेली. दार लागलं.

इथे घर बुडतंय आणि हिला देव सुचतोय. हर्षल कपाळाला हात लावून बसला.

पाऊण तासाने फोन वाजला. टिंबाने दुरुस्ती टाकली होती. रात्रीची गोळी छापली जात होती.

“बघ,” हर्षल स्नेहलला म्हणाला, “दोन शब्द सुनावले की कसे सुतासारखे सरळ होतात.”

देवघराचं दार उघडलं. आईने आपलं ताट उचलून गाईसाठी बाजूला काढलं.

“तिला म्हणावं, निघण्याआधी दुपारची गोळीही एकदा छापून बघा,” ती हळूच म्हणाली. “घाईत केलंय मी.”