दहावा दवाखाना

"डॅड, तू गाडीतच थांब," त्या गुरुवारीही मी म्हणाले. डेंटल कॉलेजच्या अर्जाआधी शंभर तास दंतवैद्याशेजारी उभं राहून काम बघावं लागतं, आणि आमच्या डुलुथ शहरातल्या नऊ दवाखान्यांनी मला नकार दिला होता. पुढचे दोन दात पडलेल्या बापाला बरोबर नेऊन दहावाही गमवायचा नव्हता.

"थांबतो की. मला बघून डॉक्टरीणबाई खिडकीतून उडी मारायच्या." तोंडावर हात धरून तो हसला. दंतवैद्याच्या खुर्चीचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटायचा.

डॉक्टर हॉगेन आत म्हणाल्या, "माझी हरकत नाही गं, पण शिकाऊ मुलगी तोंडात डोकावणार म्हटलं की पेशंटच नको म्हणतात. एक जरी तयार झाला, तर ये."

गाडीत येऊन मी हे सांगितलं आणि रडले. शनिवारी डॅडचं हृदय बंद पडलं.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. डॅड गेल्याची बातमी त्यांना ठाऊक नव्हती. "तुझे वडील शुक्रवारी येऊन, तुला बघू द्यायच्या संमतीपत्रावर सही करून गेलेत. उद्या दहाला त्यांचे दात बघायचेत, तू ये. आणि हो, ते आत आले होते हे तुला सांगू नका म्हणाले होते."

दहाला मी त्या रिकाम्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले आणि दाराकडे बघत मोठ्याने म्हणाले,



"डॅड, आत ये ना."