दोन सारखे ‘र’

सकाळी सरपंचांच्या दारावर कागद चिकटवलेला सापडला. ‘शाळेचे पत्रे सरपंचाच्या गोठ्यावर कसे?’ अक्षर जाड, ब्रशच्या फटकाऱ्याचं. विंझरपासून भोरपर्यंत दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोंच्या पाठी ज्या अक्षरानं रंगल्या, तेच. सारी वाडी देवळापुढं जमली आणि सगळ्यांच्या नजरा गेनबा पेंटरकडं वळल्या.

“तात्या, ह्यो हात तुमचाच,” सरपंच म्हणाले. “न्हाई म्हणत असाल तर लिवणाऱ्याचं नाव सांगा. आत्ता पोलिसात देतो त्याला.”

“म्या न्हाई लिवलं,” गेनबा तडकला. “आणा तो कागद हिकडं.”

त्यानं चष्मा लावला. कागदावर ‘र’ दोनदा आला होता आणि दोन्हींच्या शेपटीला, ब्रश सुकला की पडते तशी फाट होती. केसागणिक एकसारखी. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असे दोन ‘र’ कधी उतरले नव्हते. हे काम मशीनचं.

दिवाळीत नात स्वप्नालीनं त्याच्याकडून सगळी अक्षरं कागदावर काढून घेतली होती आणि त्यांचा फॉन्ट बनवला होता. “आबा, तुमचं अक्षर आता माज्या मोबाईलात. दुसऱ्या कुणाकडंच न्हाई.”

त्यानं बायकांच्या घोळक्याकडं पाहिलं. स्वप्नालीनं मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात तिची पोलीस भरती होती.

 

“चष्म्यातनं आता नीट दिसलं, सरपंच,” गेनबा म्हणाला. “म्याच लिवलंय. बोलवा पोलिसांना.”