इंग्रजी कोणालेच येत नाही

"हे वॉटर," इंगोले बाईंनी पाण्याचा पेला उचलून सांगितलं. दुसरीचा वर्ग गप्पच राहिला. मराठीत घडाघडा बोलणारी पुढच्या रांगेतली मुलंही एकमेकांकडे बघू लागली.

"वॉटर," मागच्या रांगेतून आवाज आला. तो फुलयचा होता.

फुलय कासदेकर कोरकू आदिवासी घरातली; घरी सगळे कोरकूतच बोलत. मेळघाटातल्या एका बाजारगावच्या शाळेत वर्षभर ती एक शब्दही बोलली नव्हती. बाईंनी प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे ‘आकलन कमी’ असा शेरा लिहिला होता. आता मात्र दार, झाड, डोळे, नाक, सगळ्यांची इंग्रजी नावं तिनं पंधरा दिवसांत, सगळ्यांच्या आधी शिकून घेतली.

एके दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं. "मराठीच्या तासाला का गं बोलत नाहीस?"

"मराठी सगळ्याइले येते. मी चुकली की हासतात," ती म्हणाली. "इंग्रजी कोणालेच येत नाही."



दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलयला फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः मुलांमध्ये बसल्या. "मला कोरकूत पाचपर्यंत मोजायला शिकव," त्या म्हणाल्या.

तिसऱ्याच आकड्याला बाईंची जीभ अडखळली. सगळा वर्ग हसला. फुलय हसली नाही.

"पुन्हा म्हणा, बाई," ती म्हणाली, आणि तो आकडा तिनं सावकाश उच्चारून दाखवला.