लाल म्हणजे काढायचं

लाल ठिपका थोरलीच्याच नावापुढे होता. तेलरंगाचा, अजून ओला. तिने फळा दोनदा वाचला. खोलीतल्या त्या पत्र्याच्या फळ्यावर टोळीतल्या अकरा जणांची नावं, पहिलं तिचं, शेवटचं धाकटीचं. ठिपका एकच, आणि तो तिला.

लाल म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पंधरा वर्षं ती या जंगलात विरळणी करत होती. दाटीतल्या ज्या झाडाला लाल, त्यावर करवत. मग खाली पडलेल्या फांद्या आणि पाचोळा थंडी आहे तोवर आपल्याच हाताने जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणव्याला खायला काही उरत नाही. ती आग लावायची मशाल थोरलीकडे असायची. मशाल म्हणजे लांब चोचीचा डबा, पेटतं तेल थेंबाथेंबाने सांडणारा. टोळीतला एक माणूस कमी होणार, अशी कुजबुज आठवडाभर चालली होतीच. असं आहे होय, ती मनात म्हणाली. पंधरा वर्षं राबल्याचं हे बक्षीस.

आणि यामागे कोण, तेही तिने ठरवून टाकलं.

धाकटी म्हणजे तिची सख्खी जाऊ. दोन वर्षांपूर्वी थोरलीनेच तिला टोळीत आणलं. मशाल कशी धरायची, वाऱ्याच्या उलट कसं पेटवत जायचं, सगळं शिकवलं. आता वनखात्याच्या साहेबांच्या तोंडी उठता बसता धाकटी. नव्या पट्ट्यात झाडांना खुणा करायला साहेबांनी कुणाला नेलं? धाकटीला. तिथे कशाला रंग लावला, काय सोडलं, थोरलीने विचारलं नाही. आठ दिवस ती धाकटीशी बोललीच नव्हती, घरात भांडी तेवढी आपटत होती. नवरा म्हणालासुद्धा, "जाळ जरा कमी कर. गॅसचा नव्हे, तुझा." साहेबांची बदली झाली, आज पहाटे ते गेले, तर त्याआधी त्यांची बॅग उचलायला इथे कोण आलं? तीच. कान भरायला चांगला अर्धा तास मिळाला असणार.

खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. बाहेर दव होतं, ते वाळेपर्यंत पेटवायचं नव्हतं. थोरलीने ठिपक्यावर अंगठा दाबला आणि तोच अंगठा धाकटीच्या नावापुढे टेकवला. मग रुमालाचं टोक मशालीच्या तेलात बुडवून आपल्या नावापुढचा उरलासुरला लाल पुसून टाकला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

नवे साहेब नऊ वाजता आले. टोळी भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटीही आली होती.

"मी तुमच्यातल्या कुणाला ओळखत नाही," साहेब म्हणाले. "जुन्या साहेबांनी फोनवर एवढंच सांगितलंय. ज्याच्या नावापुढे लाल ठिपका, मशाल त्याच्या हातात द्या आणि तो सांगेल तसं करा."

"लाल म्हणजे काढायचं," थोरली बोलून गेली.

"या वेळी उलटं आहे, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "नव्या पट्ट्यात काढायची झाडं जास्त आणि रंगाचा डबा एकच. म्हणून राखायची तेवढ्यांनाच लाल लावलं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना माहीत होतं. विचारलं नव्हतं ते थोरलीने एकटीने.

साहेबांनी फळ्यावरच्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "ही कोण?"

धाकटी पुढे झाली. थोरलीच्या आता ध्यानात आलं. आपली मशाल आपणच उचलून दुसरीच्या हातात दिली, आणि तोंड उघडायची सोय नाही. पण तेव्हाही तिला पश्चात्ताप झाला नाही. आधी हेवाच वाटला. मेलीचं नशीब बघा, असं वाटलं.

धाकटीने ठिपका जवळून पाहिला. तो ब्रशचा नव्हता, त्यात अंगठ्याच्या बारीक रेषा होत्या. मग पहिल्या नावापुढचा तेलाचा डाग पाहिला.

"साहेब, रंग ओला होता, कुणाचा तरी हात लागलाय," ती म्हणाली. "पहाटे मी इथेच होते. जुन्या साहेबांनी ठिपका पहिल्या नावाला दिला होता."

"नक्की?"

"मी मागितली होती मशाल. नाही म्हणाले. थोरलीच्या मागे अजून दोन वर्षं चाल, म्हणाले."

साहेबांनी मशाल थोरलीच्या हातात दिली.

दहा वाजता दव वाळलं. थोरलीने मूठभर पाचोळा चुरडला, तो कुरकुरीत वाजला. वारा हवा तसा होता. माणसं आपापल्या जागी गेली. धाकटी काडेपेटी घेऊन तिच्याजवळ आली, काडी ओढणार तोच थांबली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आधी अंगठा पुसून घ्या, जाऊबाई. मशालीला लागेल."